ओळख पटवू नये

अर्ज मंजूर व्हायला अकरा महिने लागले.
मग मिळाली ही खोली, खिडकी नसलेली.
मोबाइल बाहेरच्या कपाटात, वही बाहेर, पेनसुद्धा बाहेर.
आत एक पडदा, एक खुर्ची,
आणि फाइलमध्ये माझ्या सहीचा कागद:
'या माहितीतल्या कुठल्याही कुटुंबाची
ओळख पटवण्याचा प्रयत्न मी करणार नाही.'
रेनिटा टिलमन. खाली तारीख.
शाई नीट वाळू दिली होती मी.

हजारो घरं इथे ओळीनं निजलीत,
नावं खरवडलेली, पत्ते पुसलेले.
गल्लीच्या जागी एक क्रमांक
आणि त्या क्रमांकातली गरिबी, शेकड्यात.
सोडतीत चिठ्ठी निघाली: १.
नाही निघाली: ०.
एवढ्याशा फरकावर
पुढचं सगळं गणित उभं.

आमची निघाली होती.
पूर्व बाल्टिमोर, मी नऊ वर्षांची.
आई इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी दाबायची
आणि रविवारी दारातल्या तीन संगमरवरी पायऱ्या
गुडघ्यांवर बसून घासायची.
घर सरकारी, भाड्याचं,
शेजारची दोन्ही फळ्या ठोकून बंद.
तरी घासायची.
पत्र आलं तेव्हा दोन पायऱ्या झाल्या होत्या.
तिनं ते दोनदा वाचलं, ओल्या हातानं घडी घातली,
आणि राहिलेली तिसरी घासून घेतली.

नव्या ठिकाणी पायऱ्याच नव्हत्या.
गवत होतं, सगळ्यांच्या दारात सारख्या उंचीचं.
मला शाळेनं क्लॅरिनेट दिलं, फुकट, घरी न्यायला.
कॉर्नेलला काय मिळालं, आठवत नाही.
जुन्या गल्लीत फळवाल्याची घोडागाडी यायची,
घोड्याच्या गळ्यात घुंगरं,
'कलिंगऽऽड' अशी आरोळी कोपऱ्यापलीकडूनच,
आणि माझा भाऊ लगाम धरून तीन गल्ल्या चालायचा
जसा काही घोडा त्याच्याच नावावर.
इथे तो बसस्टॉपवर नुसता उभा राहिला
तरी कुणीतरी पोलिसांना फोन करायचं.
सोळाव्या वर्षी परत गेला, मावशीकडे.
पुढचं सांगत नाही.
ते याच खोलीत आहे, कुठल्याशा रकान्यात.

पाहणीवाली बाई दर दोन वर्षांनी यायची.
'रात्री या भागात चालताना सुरक्षित वाटतं?'
आई म्हणाली, 'वाटतं की. पण चालत जाऊ कुणाकडे?'
पर्याय पाच होते.
बाईची पेन्सिल जरा थांबली,
मग पहिल्यावर गोल झाला.

तो गोल आता माझ्यासमोर आहे. असणारच.
आईचं जन्मसाल, दोन मुलं, लाँड्री,
तीन चाळण्या लावल्या की यंत्र म्हणेल: एक ओळ.
बोट कळीवर ठेवून बसले होते मी,
किती वेळ, ते यंत्रात नोंदलेलं असेल.
नियम असाही आहे, की दहाच्या आतला आकडा
या खोलीबाहेर न्यायचा नाही.
आम्ही तिघंच.

बोट काढलं.
सरासरी काढली, मुलींची वेगळी, मुलांची वेगळी.
मुलींची रेघ वर चढली.
मुलांची
मी दुसऱ्या दिवसावर ढकलली.

संध्याकाळी आईकडे गेले. ती भेंड्या चिरत होती.
'सापडलो का आपण?'
'शोधायचं नसतं, आई. सही केलीय मी.'
'बरं,' म्हणाली. सुरी पुसली.
'आणि मिसेस प्रुइट? ती प्रश्न विचारणारी गं.
डावा गुडघा दुखायचा तिचा.
आपल्या जिन्यावर दोनदा थांबायची.
दुधाशिवाय कॉफी.
मुलगा नौदलात होता, पत्र पाठवायचा नाही.
तिचं काय झालं,
ते लिहिलंय का तुमच्यात कुठे?'